बिस्कीट, डबा, दाणे : कुत्र्यामांजरांच्या तयार अन्नाचा इतिहास

कुत्र्यामांजरांसाठी बाजारात मिळणारे तयार अन्न मुख्यतः दोन प्रकारचे असते. कोरड्या दाण्यांत पाण्याचे प्रमाण साधारण ६ ते १० टक्के असते. डब्यातल्या किंवा पाऊचमधल्या ओल्या अन्नात ते ७५ ते ८२ टक्क्यांपर्यंत जाते. हा भेद जनावरांच्या गरजेतून पडला असावा असे सहज वाटते, पण इतिहास तसे सांगत नाही. कोरडे अन्न जहाजावरच्या शिध्यातून आले आणि ओले अन्न मोटारींमुळे बेकार झालेल्या घोड्यांच्या मांसातून. दोघांतले पारडे पुढे एकदा कथलाच्या टंचाईने फिरवले, एकदा न्याहारीचे धान्य बनवणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राने. कुत्र्याचे पोट आणि मांजराचे मूत्रपिंड यांचा विचार पुष्कळ उशिरा झाला, आणि तोही बहुतेक वेळा काही बिघडल्यावर.

त्याआधी कुत्रा घरात जे उरेल ते खाई. पहिल्या शतकातला रोमन कृषिलेखक कोलुमेला याने शेतावरच्या कुत्र्यांना जवाचे पीठ दुधाच्या निवळीत कालवून द्यावे आणि दूधदुभते नसेल तिथे शिजवलेल्या घेवड्याच्या कोमट पाण्यात पाव भिजवून द्यावा असे लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रातला रिवाज याहून फार वेगळा नव्हता. शिळी भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून राखणीच्या कुत्र्याला घातली जाई. धनगराच्या कुत्र्याच्या वाट्यालाही भाकरीच येई, मांस क्वचित. किनाऱ्यावर जिथे मासळी साफ होते तिथे मांजरे आजही टपून बसलेली असतात, कारण डोकी, कल्ले आणि आतडी हा त्यांचा ठरलेला वाटा. वैश्वदेवात गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. पारशी घरांत जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला ठेवण्याची चाल होती आणि त्याला ‘कुत्रानो बुक’ असे नावही होते. मराठी ताटात सुके आणि पातळ असे दोन्ही लागते, आणि भाकरीबरोबरच्या कालवणाला कितीतरी गावांत ‘कोरड्यास’ म्हणतात. कुत्र्याच्या वाट्याला हे दोन्ही आधीच कालवून येत असे. त्यामुळे कोरडे द्यावे की ओले, हा प्रश्न या जगात उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला मोठ्या शहरात, आणि जनावराचे खाणे विकत घेण्याची सवयही तिथेच लागली. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये घरोघरी फिरून मांजरांचे मांस विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदा होता. शहरातली वाहतूक घोड्यांवर चाले. म्हातारे, लंगडे, मेलेले घोडे खाटिकवाड्यात जात, तिथे त्यांचे मांस उकडले जाई आणि विक्रेते ते पहाटे घाऊक भावाने उचलून लाकडी काड्यांना टोचून गल्लोगल्ली विकत. एकेका विक्रेत्याची गिऱ्हाइके आणि गल्ल्या ठरलेल्या असत, आणि त्याची हाक ऐकली की दाराशी मांजरे जमत. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या धंद्याची तपशीलवार नोंद केली आहे. शहरात सुमारे तीन लाख मांजरे असावीत, म्हणजे घरटी जवळपास एक, असा त्याचा अंदाज होता. यातली बहुतेक मांजरे उंदरांसाठी पाळलेली होती आणि निम्मे पोट त्यांनी स्वतःच भरावे अशी अपेक्षा असे. काडीवरचे मांस हा वरखर्च होता. तरीही जनावरासाठी रोज नेमाने पैसे टाकण्याची सवय शहराला लागली ती या धंद्याने, आणि पुढच्या कारखानदारांना ही तयार सवय आयती मिळाली.

पहिले मोठे कारखानदारी अन्न मात्र कोरडे होते. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस विजेपासून बचाव करणाऱ्या सळया विकण्याच्या निमित्ताने इंग्लंडला आला होता. गोदीवरची कुत्री खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटे खाताना त्याने पाहिली आणि त्यावरून त्याला धंदा सुचला, अशी कथा सांगतात. कथा थोडी घासूनपुसून चकचकीत केलेली असणार. पण जहाजाचे बिस्कीट हाच त्याच्या मालाचा पूर्वज होता यात शंका नाही. दीर्घ सफरीत महिनोन्महिने टिकावे म्हणून ते बिस्कीट पाणी पार निघून जाईपर्यंत भाजलेले असे. १८६० च्या सुमारास स्प्रॅटने गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि गोमांसाचे तंतू यांची ‘मीट फायब्रिन डॉग केक्स’ या नावाची चौकोनी बिस्किटे बाजारात आणली. मांस अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या गुरांचे आहे असे जाहिरातीत असे, मात्र त्याचा नेमका उगम स्प्रॅटने गुपितच ठेवला.

ही बिस्किटे कोणी घेतली हे पाहण्यासारखे आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात पुष्कळ उरत असे अशा श्रीमंत घरांनी ती आधी घेतली. शिकारीची कुत्री बाळगणारे जमीनदार आणि प्रदर्शनात कुत्री उतरवणारे हौशी लोक हे स्प्रॅटचे गिऱ्हाईक. जातिवंत कुत्र्याच्या वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या होत्या, प्रदर्शने भरत होती, आणि अशा कुत्र्याला घरातले खरकटे घालणे कमीपणाचे ठरू लागले होते. कंपनीच्या दुकानात कोवळ्या वयात कारकुनीला लागलेला चार्ल्स क्रफ्ट विक्रीसाठी मोठमोठ्या कुत्राशाळा हिंडला, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने कुत्र्यांचा विभाग उभा केला आणि १८९१ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःच्या नावाचे प्रदर्शन भरवले. ते आजही भरते. १८८९ मध्ये अमेरिकन केनेल क्लबचे नियतकालिक सुरू झाले तेव्हा पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर स्प्रॅटची जाहिरात होती. अन्न विकणारा आणि कुत्र्याची प्रतिष्ठा ठरवणारा एकाच मांडवात बसण्याची ही सुरुवात. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बेनेट बेकरीने १९०८ मध्ये हाडाच्या आकाराचे बिस्कीट काढले. ते पुढे ‘मिल्क-बोन’ या नावाने गाजले.

ओल्या अन्नाला डब्याची वाट पाहावी लागली असे म्हणता येणार नाही. डबा केव्हाच तयार होता. हवाबंद भांड्यात अन्न उकळून टिकवण्याची रीत निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने धातूच्या डब्याचे पेटंट घेतले. अडचण मांसाच्या किमतीची होती. कुत्र्यासाठी डबाबंद करण्याइतके स्वस्त मांस हवे होते, आणि ते पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत एकाएकी उपलब्ध झाले. त्या देशात तेव्हा अडीच कोटींच्या आसपास घोडे आणि खेचरे होती. ट्रॅक्टर आणि मोटारी वाढल्या तशी त्यांची गरज दरवर्षी घटत गेली. १९२२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी चॅपेल बंधूंनी घोड्याच्या मांसाचे ‘केन-एल रेशन’ डबे भरायला सुरुवात केली. पश्चिमेच्या माळांवर मोकाट फिरणारे मस्टँग घोडेही पकडून गाड्यांनी या कारखान्याकडे येऊ लागले. घोड्यावर माया असलेल्या गुराख्यांना हे सहन होणे कठीण होते. एकाने तर १९२५ मध्ये कारखाना सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न केला. विक्रीवर त्याचा परिणाम झाला नाही. ‘रिन टिन टिन’ या चित्रपटातल्या कुत्र्याच्या रेडिओ कार्यक्रमाला याच कंपनीचे प्रायोजकत्व होते, आणि श्रोत्यांच्या मनात शूर कुत्रा आणि डबा यांची जोडी पक्की बसली. लंडनच्या गल्लीतला काडीवरचा घोडा आता डब्यात गेला होता, एवढाच काय तो फरक. चॅपेल बंधूंची इंग्लंडमधली शाखा १९३० च्या दशकाच्या मध्याला चॉकलेटवाल्या मार्स कुटुंबातल्या फॉरेस्ट मार्सने विकत घेतली. मार्स कंपनीचा आजचा पाळीव प्राण्यांच्या अन्नाचा पसारा तिथून सुरू होतो.

दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या तयार अन्नात डब्यांचा वाटा नऊ दशांशांच्या घरात गेला होता. कुत्र्याचे तयार अन्न म्हणजे ओले, असे समीकरणच झाले होते. मग १९४२ मध्ये कथील आणि पत्रा युद्धासाठी राखून ठेवला गेला आणि कुत्र्याचे अन्न ‘अनावश्यक’ यादीत पडले. डबे बंद झाले. कागदी पिशवीत भरता येणारे कोरडे मिश्रण तेवढे उरले, आणि चार वर्षांत बाजार पूर्ण उलटला. त्या काळात अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या चवी बदलल्या नव्हत्या की त्यांच्या पोटांत काही फरक पडला नव्हता. बदलला होता फक्त पत्र्याचा भाव. ब्रिटनमध्ये याहून भीषण झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच बॉम्बहल्ल्याच्या आणि अन्नटंचाईच्या धास्तीने लंडनमधल्या लोकांनी पहिल्या काही दिवसांत सुमारे चार लाख कुत्री आणि मांजरे स्वतः नेऊन मारवली. पुढच्या वर्षी माणसाला खाण्याजोगे अन्न वाया घालवणे तिथे कायद्याने गुन्हा ठरला आणि मांजरापुढची दुधाची बशी वादाचा विषय झाली.

युद्धानंतर कथील परत आले, पण सवय पूर्वपदावर गेली नाही. त्याचे मोठे कारण म्हणजे १९५० च्या दशकात आलेले एक्स्ट्रूडर यंत्र. तोवरचे कोरडे अन्न दोन तऱ्हांचे असे : बिस्कीट भाजून मग भरडलेले, किंवा पीठ आणि मांसचूर्ण नुसते एकत्र केलेले. कोरड्या दाण्यांना आज ‘किबल’ म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘भरड’ हाच आहे. भरड पाण्यात कालवल्याशिवाय कुत्री खात नसत, आणि कालवली की तिचा चिखल होई. सेंट लुईसची रॅल्स्टन प्युरिना कंपनी न्याहारीची ‘चेक्स’ ही धान्ये बनवत होती. त्या कारखान्यातल्या यंत्राचा उपयोग कुत्र्याच्या अन्नासाठी करून पाहिला गेला आणि १९५७ मध्ये ‘डॉग चाऊ’ देशभर विक्रीला आले. वर्षभरात ते त्या बाजारात सर्वांत पुढे होते.

यंत्राची रीत समजून घेतल्याशिवाय कोरड्या अन्नाचे स्वरूप कळत नाही. धान्याचे पीठ, मांसचूर्ण, जीवनसत्त्वे आणि पाणी यांचा लगदा लांबट नळकांड्यात फिरत्या मळसूत्राने पुढे रेटला जातो. दाब आणि घर्षण यांमुळे तापमान १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पिठूळ भाग काही क्षणांत शिजतो. टोकाच्या साच्यातून लगदा बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. मक्याचे कुरकुरे याच तऱ्हेने फुगतात. मग दाणे वाळवतात आणि त्यांच्यावर चरबी आणि यकृतापासून केलेला चवदार अर्क फवारतात. हा शेवटचा हात फिरला नाही तर फुललेल्या दाण्याकडे बहुतेक मांजरे ढुंकूनही पाहणार नाहीत. दाणा फुलायला आणि एकसंध राहायला मात्र पिष्ट लागते. निव्वळ मांस या यंत्रातून दाणा होऊन बाहेर येत नाही. म्हणून कोरड्या अन्नात पिठूळ पदार्थांचा वाटा मोठा असतो आणि ओल्यात तो फारच कमी असला तरी चालतो. कोरड्या अन्नात मका, तांदूळ, गहू का असतो या प्रश्नाचे पहिले उत्तर यंत्र हे आहे, स्वस्ताई हे दुसरे. फ्रान्समध्ये १९६८ मध्ये जाँ कातारी या पशुवैद्याने रॉयल कॅनिनची स्थापना केली तेव्हा तोही धान्य भट्टीत भाजून केलेल्या ‘पिवळ्या सूप’पासूनच सुरुवात करून लवकरच या यंत्राकडे वळला.

स्वस्तपणा, वास नसणे आणि पिशवी उघडी राहिली तरी न नासणे या तीन गुणांवर कोरडे अन्न घरात शिरले. मांजरांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीने वाट मोकळी केली. १९४७ मध्ये मिशिगनच्या एड लोव यांनी शोषक मातीचे दाणे मांजराच्या विष्ठेसाठी विकायला सुरुवात केली. तोवर मांजर रात्री बाहेर जाई आणि काही ना काही मारून खाई. आता ते दिवसरात्र घरात राहू लागले, आणि त्याचे संपूर्ण पोट विकतच्या अन्नावर आले. अमेरिकेत १९५८ मध्ये उत्पादकांची ‘पेट फूड इन्स्टिट्यूट’ ही संघटना स्थापन झाली. १९६० च्या दशकात तिने वृत्तपत्रे आणि रेडिओवरून घरच्या खरकट्याविरुद्ध मोहीम चालवली. ताटातले उरलेले घालणे धोक्याचे आणि कारखान्यातले अन्न ‘संपूर्ण’, हा तिचा सांगावा. त्यातला निम्मा भाग खरा होता, कारण केवळ उष्ट्यावर वाढलेल्या कुत्र्यांत पोषणाची हेळसांड होतच असे. उरलेला निम्मा भाग विक्रीसाठी होता.

याच काळात ना कोरडे ना ओले असा तिसरा प्रकारही आला. जनरल फूड्सच्या ‘गेन्स-बर्गर’मध्ये पाणी २५ ते ३५ टक्के असे. साखर आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या साहाय्याने ते पाणी बांधून ठेवले जाई, त्यामुळे बुरशी धरत नसे आणि पदार्थ कच्च्या खिम्यासारखा लालबुंद दिसे. अर्थात तो रंग कुत्र्यासाठी नव्हता. पुढे या ग्लायकॉलमुळे मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी बिघडतात असे दिसून आले आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांजरांच्या अन्नात त्याला बंदी घातली. हा प्रकार तोवर मागे पडलाच होता.

ओल्या अन्नाने दुसरीकडे आपली जागा शोधली, ती दवाखान्यात. अमेरिकेतल्या ‘सीइंग आय’ या संस्थेशी संबंधित मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाच्या बडी या वाटाड्या कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होत होते. १९३९ मध्ये न्यू जर्सीचे पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी कमी पण चांगल्या प्रतीची प्रथिने आणि कमी मीठ असलेले अन्न त्याच्यासाठी शिजवले. ते काचेच्या बरण्यांत भरून पाठवत. बरण्या वाटेत फुटत, म्हणून डबे बंद करण्याचे हातयंत्र आणले गेले. मागणी वाढल्यावर १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपीका येथील हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला आणि मूत्रपिंडाच्या रुग्ण कुत्र्यांसाठीचे पहिले डबे निघाले. चिठ्ठीवर मिळणाऱ्या पथ्याच्या अन्नाचा सगळा धंदा या डब्यांपासून सुरू झाला.

मांजराच्या शरीराने आपले म्हणणे ऐकवले ते १९७० आणि १९८० च्या दशकांत, आणि दोन वेगवेगळ्या आजारांतून. पहिला आजार ओल्या-कोरड्याच्या वादात सहसा सांगितला जात नाही, म्हणून तो जरा विस्ताराने पाहावा लागेल. टॉरिन हे अमिनो आम्ल मांसात आणि मासळीत भरपूर असते, वनस्पतींत जवळपास नसते. कुत्र्याचे शरीर ते बरेचसे स्वतः बनवते. मांजराची ही क्षमता तोकडी आहे, शिवाय पित्त तयार करताना ते टॉरिनच वापरते आणि त्यातला काही भाग विष्ठेवाटे गमावते. १९७५ मध्ये दुधातल्या केसीन या प्रथिनावर पोसलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनअभावी झडतो हे सिद्ध झाले. उत्पादकांनी टॉरिनची दखल घेतली, तरी बाजारातल्या डबाबंद आणि कोरड्या अन्नावर जगणाऱ्या मांजरांची हृदये फुगून ती मरतच होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे, आणि ते दिल्यावर हृदय पूर्ववत होते. असाध्य समजला जाणारा हृदयरोग पुरवणी अन्नाने बरा झाल्याची अशी उदाहरणे थोडी.

खरी गंमत नंतर उघड झाली. डब्यातल्या अन्नात मांस जास्त, तेव्हा तिथे टॉरिनचा प्रश्न येऊ नये असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बंद डबा तासभर उच्च तापमानात ठेवल्याने अन्नात असे काही बदल होतात की मांजराच्या आतड्यातले जंतू अधिक टॉरिन फस्त करतात. म्हणून अमेरिकन नियमांत कोरड्या दाण्यांसाठी टॉरिनचे किमान प्रमाण शुष्कांशाच्या ०.१ टक्का आणि डब्यांसाठी त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के, ठरवले गेले. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात सुमारे ९०० मांजरांवर कच्चे आणि शिजवलेले मांस देऊन प्रयोग केले होते. शिजवलेल्यावरची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या खंगत गेली. कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते आजही त्याचा दाखला देतात. टॉरिनचा शोध लागल्यावर त्या प्रयोगाचा अर्थ बराचसा बदलला, हे सांगायचे मात्र विसरतात.

दुसरा आजार मूत्रमार्गाचा. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, अर्धवाळवंटी प्रदेशातले. त्यांना पाणी मिळे ते मुख्यतः शिकारीतून, कारण उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याचे मूत्रपिंड लघवी फार घट्ट करू शकते. नुसते दाणे खाणारे मांजर वाडग्यातले पाणी जास्त पिते खरे, पण त्याच्या पोटात गेलेले एकूण पाणी ओले अन्न खाणाऱ्याहून कमीच भरते. दाणे घराघरांत पोचल्यावर बोक्यांची लघवी अडण्याचे प्रकार पशुवैद्यांकडे वाढले. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खड्यांच्या गाळाने तो बंद झाला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. खडे प्रामुख्याने स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे होते. १९८० च्या दशकात उत्पादकांनी मॅग्नेशियम घटवले आणि लघवी आम्लधर्मी राहील अशी योजना केली. स्ट्रुव्हाइट खरोखर कमी झाले. पण मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून गोळा होणाऱ्या खड्यांच्या तपासणीत १९९० च्या दशकात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढत गेलेले दिसले. हे आम्लाने विरघळत नाहीत आणि शस्त्रक्रियेशिवाय सहसा निघत नाहीत. एका क्षाराची लढाई जिंकताना दुसऱ्याला दार उघडले गेले. त्यानंतर पशुवैद्यांचा भर क्षारांच्या हिशेबाबरोबरच पाण्यावर आला, आणि लघवीचा त्रास असलेल्या मांजराला ओले अन्न द्यावे हा सल्ला रूढ झाला.

कुत्र्याचे प्रकरण सोपे आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती पुष्कळ जास्त आहेत, माणसाच्या चुलीजवळ राहण्याचा हा परिणाम. धनगराच्या कुत्र्याला भाकरी का मानवते याचे उत्तर त्यात आहे. म्हणून कुत्र्यासाठी कोरडे की ओले हा बहुधा खर्चाचा, दातांचा आणि वजनाचा प्रश्न राहतो. दाणे चावल्याने दात स्वच्छ होतात हा दावा जुना असला तरी साधा दाणा दाताचे टोक लागताच फुटतो आणि हिरडीपर्यंत पोचत नाही. त्यासाठी मुद्दाम मोठे आणि तंतुमय बनवलेले दाणे वेगळे असतात. वजनाचा मुद्दा जास्त खरा आहे. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी, तेवढ्याच ओल्या अन्नात ८० ते १००. वाडगे दिवसभर भरलेले ठेवण्याची सोय दाण्यांनी दिली, आणि घरात बसलेल्या मांजरांचा लठ्ठपणा त्या सोयीतून वाढला.

कुठल्याही एका प्रकाराला निर्दोष ठरवण्याची सोय नंतरच्या काळानेही ठेवली नाही. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत रस्सा असलेल्या ओल्या अन्नाचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाऊच परत मागवावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन मिसळलेले होते, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचून कुत्री आणि मांजरे दगावली. एकाच कंत्राटी कारखान्यात डझनावारी ब्रँड भरले जात होते हेही ग्राहकांना तेव्हाच कळले. कोरड्या अन्नाचे संकट मक्यातून आले. २००५ आणि २०२० च्या अखेरीस बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनने दूषित दाणे खाऊन अमेरिकेत दोन्ही वेळा शंभराहून अधिक कुत्री मेली. २०१८ मध्ये वाटाणा-मसूर यांवर आधारलेल्या ‘धान्यविरहित’ अन्नाचा कुत्र्यांच्या हृदयरोगाशी संबंध आहे का याची चौकशी सुरू झाली. असे अन्न बहुतांशी कोरडेच होते, कारण यंत्राला पिष्ट लागतेच, धान्याचे नसेल तर डाळीचे.

१९९० च्या दशकात डब्याची जागा अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाऊचने घ्यायला सुरुवात केली. एका वेळचे अन्न एका पाऊचमध्ये मावते, त्यामुळे अर्धा उघडा डबा फ्रीजमध्ये वास मारत राहत नाही. भारतातल्या दुकानांत दिसणाऱ्या मांजरांच्या पुष्कळ पाऊचवर ‘थायलंड’ असे छापलेले असते. तिथला ट्यूना डबाबंद करण्याचा उद्योग मोठा आहे. पांढरे मांस माणसांच्या डब्यात जाते आणि लालसर गडद मांस मांजरांच्या.

महाराष्ट्रात तयार अन्न उशिरा आले आणि आधी कोरडेच आले. मार्सचा कारखाना हैदराबादजवळ उभा राहिल्यावर दाण्यांच्या पिशव्या छोट्या शहरांतल्या औषधांच्या दुकानांपर्यंत पोचल्या, आणि ‘पेडिग्री’ हे नाव ब्रँड न राहता कुत्र्याच्या दाण्यांचे सामान्यनामच झाले. दुसऱ्या कंपनीची पिशवी असली तरी ‘पेडिग्री घातलं का’ असेच विचारले जाते. बहुतेक घरांत ते एकटे कधीच नसते. दाण्यांवर दहीभात, उकडलेल्या कोंबडीचे पाणी किंवा चिकनच्या दुकानातून आणलेले पाय आणि कलेजी पडते, आणि मुंबईपुण्यातल्या मांजरांना सकाळी पाऊच, रात्री दाणे अशी वाटणी असते. दोन्ही प्रकारांची तुलना करताना पिशवीवरचा प्रथिनांचा आकडा फसवतो, कारण तो पाण्यासकट मोजलेला असतो. ८० टक्के पाणी असलेल्या पाऊचवर १० टक्के प्रथिने लिहिली असतील तर पाणी वजा जाता ती ५० टक्के भरतात. १० टक्के पाणी असलेल्या दाण्यांवरचे ३० टक्के प्रथिन तसे मोजल्यास ३३ टक्क्यांच्या आसपास येते. कोकणात आणि मुंबईत याशिवाय पावसाळ्याचा हिशेब करावा लागतो. उघडी पिशवी आठवड्याभरात सादळते, चरबी खवट होते आणि बुरशीला वाव मिळतो, म्हणून जून ते सप्टेंबर मोठी पिशवी घेण्याऐवजी लहान पिशव्या घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. उघडलेले ओले अन्न फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, आणि वाडग्यात वाढलेले त्या हवेत तास-दोन तासांतच उचलून टाकावे लागते.